इशीचा मेंदू आणि इशीचा आवाज

२०२४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या संग्रहालयांनी भराभर काचेच्या कपाटांवर पडदे ओढले. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने तर मूलनिवासींची दोन अख्खी दालनं बंद केली. निमित्त होतं मूलनिवासींचे अवशेष त्यांना परत करायला लावणाऱ्या १९९० च्या ‘नॅग्प्रा’ कायद्याच्या नव्या नियमांचं. मूलनिवासींचे मानवी अवशेष, त्यांच्या दफनातल्या किंवा पूजेतल्या वस्तू मांडायच्या असोत, कोणाला हाताळू द्यायच्या असोत की त्यांच्यावर संशोधन करायचं असो, आधी त्या जमातीची संमती घ्या, असं हे नियम सांगतात. त्यावर उठलेला गदारोळ अजून शमलेला नाही. एक गट म्हणतो, धर्मभावनेपुढे विज्ञानाने लोटांगण घातलं. दुसरा म्हणतो, पूर्वजांच्या हाडांना परक्याचा हात लागणं हीच मुळात विटंबना. दोघं एकमेकांवर तुटून पडतात खरे, पण एका बाबतीत त्यांचं गुळपीठ आहे: संमतीची अट आली की संशोधन संपलं, हे दोघांनीही धरूनच चाललंय.

पुराव्यापुढे हे गृहीतक टिकत नाही. मात्र तो पुरावा नुसत्या हाडांच्या कपाटात पुरा सापडत नाही, शेजारचं कपाटही उघडावं लागतं. ज्या माणसांनी मूलनिवासींची हाडं गोळा केली, त्यांनीच किंवा त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्याच वर्षांत, त्याच लोकांचे शब्दही गोळा केले: वह्यांत, चिठ्ठ्यांवर, मेणाच्या नळकांड्यांवर. त्या शब्दांचं पुढे काय झालं हे पाहिलं की हाडांबद्दलचा निम्मा वाद आपोआप विरतो. कपाटाची किल्ली वंशजांच्या कंबरेला असावी, आणि तशी ती असल्याने ज्ञान वाढतं, असं माझं म्हणणं आहे. त्याची किंमत काहीच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही.

२९ ऑगस्ट १९११ रोजी कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलजवळ एका खाटीकखान्याच्या आवारात उपासमारीने खंगलेला एक माणूस सापडला. त्याच्या ‘याही’ जमातीच्या लोकांची वसाहतवाल्यांनी कत्तल केली होती, हा उरलेला शेवटचा. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ संग्रहालयात आणलं आणि त्याच्या लोकांच्या ‘याना’ भाषेत ‘माणूस’ या अर्थाचं ‘इशी’ हे नाव दिलं. तो संग्रहालयातच राहायचा, प्रेक्षकांसमोर बाणांची टोकं घडवायचा आणि फोनोग्राफच्या कर्ण्यापुढे बसून गोष्टी सांगायचा, गाणी म्हणायचा. १४८ नळकांड्या, साडेपाच तासांहून जास्त ध्वनिमुद्रण. १९१५ च्या उन्हाळ्यात भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांनी त्याच्यासमोर बसून वह्या भरल्या. मार्च १९१६ मध्ये इशी क्षयाने गेला. क्रोबर तेव्हा न्यूयॉर्कला होते. शवविच्छेदन होऊ नये म्हणून त्यांनी पत्र धाडलं: विज्ञानाच्या हिताची भाषा कोणी केलीच, तर विज्ञान गेलं खड्ड्यात, असं माझ्या वतीने सांगा. पत्राचा उपयोग झाला नाही. विच्छेदन झालं आणि मेंदू काढून ठेवला गेला. मग वर्षभराच्या आत याच क्रोबरांनी तो मेंदू वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातले मानववंशशास्त्रज्ञ अलेश हर्डलिचका यांच्याकडे रवाना केला! शरीराचं दहन होऊन राख स्मशानभूमीत ठेवली गेली. मेंदू वॉशिंग्टनच्या साठ्यात पडून राहिला. तो २००० साली इशीच्या नात्यातल्या जमातींकडे परत गेला.

या दोन वस्तू शेजारी ठेवून बघा. एक त्याने स्वतः बसून, रोजचे तास मोडून दिली. दुसरी त्याच्या मरणानंतर, मित्राचाही विरोध डावलून घेतली गेली, आणि मग त्या मित्रानेच पुढे पाठवली. दिलेल्या वस्तूतून ‘याही’ बोलीचं ज्ञान आजही निघतंय. घेतलेल्या वस्तूतून काहीही निघालं नाही. एका उदाहरणावरून नियम काढू नये हे मान्य, म्हणून पुढचं.

‘हाडांचा अभ्यास’ म्हणजे प्रत्यक्षात काय करतात, हे या वादात क्वचितच सांगितलं जातं. काही काम हाडाला धक्का न लावता होतं. ओटीपोटाच्या हाडावरून स्त्री की पुरुष, दातांच्या झिजेवरून वय, दंतवल्कावरच्या आडव्या रेघांवरून लहानपणीचे उपासमारीचे किंवा आजाराचे काळ, भरून आलेल्या फ्रॅक्चरवरून जखमा. पण ज्या निष्कर्षांच्या बातम्या होतात ते हाड खर्ची घालून मिळतात. कार्बन कालमापनाला साधारण अर्धा ते एक ग्रॅम हाड लागतं. ते सौम्य आम्लात ठेवून खनिज विरघळवतात आणि उरलेलं कोलॅजन, म्हणजे हाडातलं प्रथिन, मोजतात. कोलॅजन हाडाच्या वजनाच्या एक टक्क्यापेक्षा कमी निघालं किंवा त्यातलं कार्बन-नायट्रोजनचं गुणोत्तर २.९ ते ३.६ च्या बाहेर गेलं, तर ती तारीख धरत नाहीत; म्हणजे हाडही गेलं आणि उत्तरही नाही. माणूस आयुष्यभर समुद्री मासे खाणारा असेल, तर तारीख शेकडो वर्षांनी जुनी येते आणि ती आहारानुसार दुरुस्त करावी लागते. डीएनएसाठी आतल्या कानाभोवतीचं, शरीरातलं सर्वात घट्ट ‘पेट्रस’ हाड ड्रिलने कोरतात. ५० मिलिग्रॅमच्या आसपास पूड पुरते, पण जे कोरलं ते कायमचं गेलं. शिवाय जुन्या साठ्यांतली हाडं कोणी उघड्या हाताने धुतलेली, कोणी लाखेने किंवा डिंकाने जोडलेली, त्यामुळे आधुनिक कार्बन आणि आधुनिक डीएनए दोन्ही मिसळलेले. त्यांच्यासोबतच्या कातड्या-पिसांच्या वस्तूंवर किडीसाठी आर्सेनिक मारलेलं, म्हणजे परत नेऊन हाताळणाऱ्यालाच धोका. कवटी एका संस्थेत, धड दुसरीत. एका खोक्यात चार माणसांची हाडं आणि नोंदवहीत एकच क्रमांक. आधी डाव्या मांड्यांची हाडं मोजायची, मग उजव्या, आणि निदान किती माणसं आहेत ते ठरवायचं. कित्येक संस्थांनी तीस वर्षांत एवढंही केलेलं नव्हतं. कायद्याला ३३ वर्षं झाली तेव्हा, २०२३ साली, सुमारे एक लाख व्यक्तींचे अवशेष परत जायचे बाकी होते. ज्या साठ्यांच्या नावाने ‘विज्ञानाचा ठेवा’ म्हणून गळा काढला जातो, त्यांतल्या बऱ्याच खोक्यांची दोरीसुद्धा कोणी सोडलेली नव्हती.

विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा आता घेऊ. पुरलेलं हाड पुन्हा काढता येत नाही, आणि उद्याचं तंत्र आज कोणाला ठाऊक असतं? १९८९ च्या जानेवारीत आयडाहोतल्या बूल गावाजवळ खडीच्या खाणीत एका तरुण मुलीचा सांगाडा सापडला, सतरा ते एकवीस वर्षांची असावी. काळ साडेबारा हजार वर्षांच्या आसपास, म्हणजे अमेरिका खंडातल्या सर्वात जुन्या माणसांपैकी एक. मोजका अभ्यास झाला आणि डिसेंबर १९९१ मध्ये शोशोनी-बॅनॉक जमातीने तिचं दफन केलं. प्राचीन डीएनएचा संपूर्ण जनुकसंच वाचण्याचं तंत्र तेव्हा नव्हतं. पेट्रस हाडाची महती तर २०१४-१५ नंतर कळली. ती मुलगी आणखी पंचवीस वर्षं साठ्यात असती तर आज तिच्याबद्दल कितीतरी अधिक कळलं असतं. हा तोटा खरा आहे, आणि संमतीच्या बाजूचे लोक तो हसण्यावारी नेतात तेव्हा आपलीच बाजू लंगडी करतात.

पण हाच युक्तिवाद उलटही फिरतो. १९५० च्या दशकात कार्बन कालमापनाला शेकडो ग्रॅम हाड जाळावं लागे. ते जाळणाऱ्यांनी उद्याच्या तंत्राचा विचार केला होता का? ‘भविष्यासाठी जपा’ आणि ‘आम्हाला आत्ता कोरू द्या’ या दोन मागण्या एकाच तोंडातून येतात, तेव्हा खरा मुद्दा जपण्याचा राहत नाही. काय खर्च करायचं, कधी आणि कशासाठी, हे कोणीतरी ठरवतंच. आजवर संस्थेची समिती ठरवत होती. नव्या नियमांनी सही करणारा हात बदलला आहे.

हात बदलल्यावर काय होतं, याचा जणू प्रयोगच १९९६ च्या जुलैत झाला. ४ जुलैला अलास्कातल्या प्रिन्स ऑफ वेल्स बेटावर, गुडघ्यांवर रांगत जावं लागतं अशा एका गुहेत, माणसाचा जबडा आणि कटिभागाची हाडं मिळाली. २८ जुलैला वॉशिंग्टन राज्यात केनेविकजवळ कोलंबिया नदीच्या काठी दोन तरुणांना कवटी दिसली. अलास्कात वनखात्याच्या पुरातत्त्वज्ञाने लगेच जवळच्या जमातींना कळवलं. त्यांच्या सभेत खल झाला, काहींचा विरोधही झाला, पण शेवटी अटींवर परवानगी मिळाली: ही जागा दफनभूमी निघाली तर खोदकाम थांबवायचं, आणि जे कळेल ते जगाच्या आधी आम्हाला सांगायचं. बारा वर्षं अभ्यास झाला. १०,३०० वर्षांचा काळ निघाला, आहार समुद्रावरचा होता हे कळलं, दातातून डीएनए मिळाला. २००८ साली दफन झालं. तिथल्या जमातींच्या ट्लिंगिट भाषेत त्याचं नाव ठेवलं गेलं ‘शुका का’, आपल्या आधी गेलेला माणूस.

आणि केनेविक? सरकारने हाडं जमातींना द्यायचं ठरवताच आठ शास्त्रज्ञ कोर्टात गेले. एव्हाना कवटीच्या ठेवणीवरून तो युरोपीय वळणाचा असल्याची हूल उठली होती. त्याचा चेहरा घडवला तर तो एका इंग्रज नटासारखा दिसला, आणि वर्तमानपत्रांना खाद्य मिळालं. २००४ साली अपील कोर्टाने शास्त्रज्ञांच्या बाजूने कौल दिला, कारण आजच्या कोणत्याही जमातीशी नातं सिद्ध होत नव्हतं. मग हाडं मोजली गेली, कंबरेत रुतलेलं दगडी भाल्याचं टोक तपासलं गेलं. तरी मूळ प्रश्न, हा माणूस कोणाचा, सुटला तो २०१५ साली डीएनएने, आणि तुलनेसाठी नमुने दिले दावेदारांपैकीच कोल्व्हिल जमातीच्या लोकांनी. उत्तर आलं: मूलनिवासी अमेरिकनच. फेब्रुवारी २०१७ मध्ये पाच जमातींनी मिळून त्याला पुरलं. एका बाजूला बारा वर्षांत अभ्यास, नाव, दफन सगळं पूर्ण. दुसऱ्या बाजूला वीस वर्षं, त्यातली आठ वकिलांची, आणि शेवटी निर्णायक मदत ज्यांना कोर्टात हरवलं त्यांचीच. नेवाडातल्या स्पिरिट गुहेतल्या १०,६०० वर्षांपूर्वीच्या माणसाचीही हीच कथा. जमातीला वर्षानुवर्षं नकार मिळत राहिला. मग एक संशोधक स्वतः जाऊन भेटला, आणि जमातीने डीएनए तपासणीला होकार दिला.

यावर पुढचा आक्षेप ठरलेला असतो. दहा हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचे कसले वंशज? तो सगळ्या मानवजातीचा. ऐकायला उदात्त आहे. पण मानवजातीचा हा वारसा उकरला गेला तो नेमका कोणाच्या दफनभूमीतून? २०१२ साली इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये गाड्या लावायच्या जागेखाली तिसऱ्या रिचर्ड राजाचा सांगाडा सापडला. उत्खननाला न्याय मंत्रालयाचा परवाना होता, पुन्हा दफन होणार हे गृहीत होतं, बहिणीच्या वंशातल्या माणसाने डीएनए दिला, दफन लेस्टरला की यॉर्कला यावर कोर्टकज्जाही झाला, आणि मार्च २०१५ मध्ये कॅथीड्रलमध्ये राजाला पुरलं. विज्ञानाचा गळा घोटला, असं कोणी ओरडलं नाही. डीएनए तपासला गेला, कण्याचा बाक मोजला गेला, जखमा मोजल्या गेल्या. राजाला जे मिळालं ते कोल्व्हिलच्या पूर्वजाला मागितल्यावर अंधश्रद्धा कसं होतं?

आणि वंश तुटला आहे हे ठरवतं कोण, हा तर फारच अडचणीचा प्रश्न आहे. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठचे ओहलोनी लोक व्यवहारतः नामशेष झाले, असं १९२५ साली लिहून ठेवलं ते याच क्रोबरांनी. शास्त्रज्ञाचं ते एक वाक्य सरकारी कागदांत पक्कं बसलं. नामशेष ठरलेल्यांना ना जमीन, ना मान्यता. पुढे याच परिसरातल्या सुनोल भागात पाण्याच्या प्रकल्पासाठी खोदकाम निघालं आणि जुन्या वस्तीची दफनं लागली, तेव्हा मुवेक्मा ओहलोनी जमातीने उलटं पाऊल टाकलं: डीएनए तपासा, असं तिनेच सांगितलं. २०२२ साली निकाल प्रसिद्ध झाला. १२ प्राचीन व्यक्ती, त्यांतल्या सर्वात जुन्या सुमारे १,९०० वर्षांपूर्वीच्या, आणि आजचे ८ लोक. दोन्हींमध्ये वंशसातत्याचा धागा. त्या जागेचं नाव शोधनिबंधात जमातीच्या चोचेन्यो भाषेत आहे: ‘सी तूपेन्ताक’, पाण्याकाठच्या गोल घराची जागा. संमती म्हणजे नकार, असं मानणाऱ्यांनी या निबंधाचं काय करायचं ते ठरवावं.

ते नाव आलं कुठून? चोचेन्यो अस्खलित बोलणारं कोणी उरलेलं नव्हतं. नाव आलं कागदांतून. जॉन हॅरिंग्टन नावाचा विक्षिप्त भाषाशास्त्रज्ञ १९२० च्या दशकात शेवटच्या भाषकांपाशी जाऊन बसला आणि स्पॅनिश-इंग्रजीची भेसळ असलेल्या गिचमिड अक्षरात त्याने पानांमागून पानं लिहिली. दुसऱ्या कोणाच्या हाती लागू नयेत म्हणून तो ती लपवून ठेवायचा. १९६१ साली तो गेल्यावर गोदामांतून आणि कोठारांतून खोकी निघत राहिली. कित्येक दशकं हा साठा भाषाशास्त्रज्ञांपुरताच होता. १९९० च्या दशकात बर्कलीत कार्यशाळा सुरू झाल्या: वंशजाला दफ्तरखान्यात आणायचं, जोडीला एक भाषाशास्त्रज्ञ द्यायचा, आणि आठवडाभर आपल्या खापरपणजीच्या तोंडची वाक्यं वाचायला शिकवायचं. जे कागद एका शास्त्रासाठी मृत होते त्यांतून लोकांनी भाषा उभ्या केल्या, आणि भाषाशास्त्राचंही नुकसान झालं नाही. जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या, शब्दकोश निघाले, चुका सापडल्या.

हे काम कसं चालतं त्याचा एक नमुना. मॅसॅच्युसेट्समधली वाम्पानोआग भाषा शंभरहून अधिक वर्षं कोणी बोलत नव्हतं. जेसी लिटल डो बेअर्ड यांनी १९९३ साली ती परत आणण्याचं काम हाती घेतलं, एमआयटीत केन हेल यांच्याकडे भाषाशास्त्र शिकल्या, २००० साली पदवी घेतली. हाताशी होतं १६६३ चं छापील बायबल आणि याच भाषेत लोकांनी स्वतः लिहिलेली खरेदीखतं, मृत्युपत्रं. त्यातून व्याकरण निघतं. पण बायबलमध्ये स्वयंपाकघर नाही, त्या भागातले पक्षी नाहीत. तिथे बहीणभाषा कामी येतात. रॉजर विल्यम्स या इंग्रज वसाहतवाल्याने १६४३ सालीच नोंदवून ठेवलंय की ‘कुत्रा’ या एकाच शब्दाला शेजारशेजारच्या टोळ्या ‘अनूम’, ‘अयीम’, ‘अरूम’, ‘अलूम’ म्हणतात. न, य, र, ल: चार बोली, एकच मूळ ध्वनी. वाम्पानोआग ‘न’वाली. म्हणजे बहीणभाषेत जिवंत असलेला ‘ल’चा शब्द सापडला, तर तो कोणत्या नियमाने ‘न’कडे येईल हे सांगता येतं. चूक होते ती नियम सरसकट लावल्यावर, कारण प्रत्येक ‘ल’ त्याच मुळातून आलेला नसतो. बेअर्ड यांची मुलगी ही भाषा घरातच शिकत वाढली. सात पिढ्यांनंतर असं पहिल्यांदा घडलं.

अशी भाषा ‘खरी’ असते का? हा आक्षेप टास्मानियाच्या ‘पलावा कानी’ या भाषेला सगळ्यात जास्त लागू पडतो. बेटावर एकेकाळी अनेक भाषा होत्या. एकही पुरती नोंदलेली नाही. उरल्या त्या खलाशांच्या, धर्मोपदेशकांच्या, अधिकाऱ्यांच्या शब्दयाद्या, प्रत्येकाचं स्पेलिंग आपापल्या कानाने केलेलं. फ्रेंच माणसाने लिहिलेला शब्द फ्रेंच उच्चाराने वाचायचा, स्कॉटिश माणसाचा स्कॉटिश, मग सगळी रूपं शेजारी मांडून मूळ ध्वनीचा अंदाज करायचा. पडताळ्याला टास्मानियाच्या मूलनिवासी फॅनी कॉक्रेन स्मिथ यांची १८९९ आणि १९०३ ची मेणावरची गाणी. अशा रीतीने अनेक भाषांतून एक भाषा जुळवलेली आहे. १८०० साली कोणीही ही भाषा बोलत नव्हतं, हे उघड मान्य करावं. पण मग प्रमाणभाषा नावाची कोणती गोष्ट जुळवलेली नसते? टास्मानियाची राजधानी होबार्टच्या डोक्यावरचा डोंगर आज सरकारी कागदावरही ‘कुनान्यी’ आहे, आणि त्या शब्दामागचा पुरावा पुष्कळ भाषांच्या व्युत्पत्तिकोशांतल्या नोंदींपेक्षा कमकुवत नाही.

टास्मानियातच हाडं आणि शब्द अगदी एकमेकांना चिकटून आहेत. ट्रुगानिनी ही तिथली मूलनिवासी बाई १८७६ साली वारली. आपल्या देहाची चिरफाड होऊ नये ही तिची शेवटची इच्छा होती. दोनच वर्षांत तिला उकरलं गेलं, आणि पुढे तिचा सांगाडा होबार्टच्या संग्रहालयात १९४७ पर्यंत ‘शेवटची टास्मानियन’ म्हणून उभा होता. त्याच शहरात फॅनी कॉक्रेन स्मिथ जिवंत असताना ध्वनिमुद्रकात गात होत्या, त्यांची मुलंबाळं होती. काचेमागचं हाड इथे ज्ञान देत नव्हतं, एक खोटं विधान उभं धरून होतं. ट्रुगानिनीचं दहन १९७६ साली झालं, मरणाला शंभर वर्षं होत असताना.

पुनर्दफन म्हटलं की आपल्याला वाटतं, जुने मंत्र म्हणायचे आणि माती लोटायची. पण संग्रहालयातून, खोक्यातून, क्रमांक घालून परत आलेल्या पूर्वजाला पुरण्याचा विधी कोणत्याच परंपरेत नव्हता. असा प्रसंगच कधी आला नव्हता. शब्द नवे घडवावे लागतात, आणि त्यासाठी भाषा हाताशी असावी लागते. अ‍ॅडलेडच्या काऊर्ना लोकांची अस्खलित बोलणारी शेवटची बाई, इव्हारिट्जी, १९२९ साली गेली. भाषा परत उभी राहिली ती १८४० सालच्या, दोन जर्मन मिशनऱ्यांनी केलेल्या सुमारे दोन हजार शब्दांच्या कोशावर. २००६ साली याच भाषेत अंत्यविधीची संहिता तयार झाली. पुढे संग्रहालयातले अवशेष पुरायला शहराच्या उत्तरेला जी भूमी मिळाली तिचं नाव ‘वांगायार्टा’: वांगा म्हणजे थडगं, यार्टा म्हणजे जमीन. शब्दांचं कपाट आधी उघडलं नसतं तर हाडांचं कपाट उघडूनही ही माणसं मुकीच उभी राहिली असती. उलटही खरं आहे. कॅनडात १९९९ साली हिमनदीतून बाहेर आलेल्या माणसाला शँपेन-आयशिहिक लोकांनी आपल्या भाषेत ‘क्वादाय दान त्सिनची’ म्हटलं, फार पूर्वीचा सापडलेला माणूस. तपासणीला होकार दिला, २००१ साली दहन केलं, आणि स्वतःचे नमुने देऊन सतरा जिवंत नातेवाईकही शोधून काढले.

तरी नकार येणारच, आणि तो नेहमीच शहाणपणाचा असेल असं नाही. लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने सतरा टास्मानियन व्यक्तींचे अवशेष परत करण्याआधी डीएनए आणि स्कॅन करून घ्यायचं ठरवलं, तेव्हा २००७ साली प्रकरण कोर्टात गेलं. तिथली काही माहिती हुकली, पण चूक कोणाची? जाता जाता घेऊन टाकू, ही वृत्ती पाहिल्यावर कोण हो म्हणेल? अ‍ॅरिझोनातल्या हवासुपाई लोकांनी १९९० च्या सुमारास मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं. ते त्यांना न विचारता स्किझोफ्रेनियाच्या आणि स्थलांतराच्या संशोधनाला वापरलं गेलं. २०१० साली विद्यापीठाला सात लाख डॉलर आणि उरलेलं रक्त परत द्यावं लागलं. नकाराच्या मागे बहुतेकदा असा एखादा हिशेब असतो. पण सगळे नकार मला पटतात असंही नाही. पलावा कानीवरचा विकिपीडियातला लेखच काढून टाका, अशी मागणी टास्मानियातल्या संस्थेने २०१२ साली केली. ती अमान्य झाली ते बरंच झालं. शब्द कसा शिकवायचा हे समाजाने ठरवावं, पण भाषेबद्दल बोलायलाच परवानगी लागणं म्हणजे हाडाचा नियम हाड नसलेल्या गोष्टीला लावणं. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत शतकानुशतकं बंद ठेवले. त्या कुलुपाने ते ग्रंथ राखले हेही खरं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिपीचा उलगडा झाल्यावरच मराठीच्या जुन्या गद्याची खरी खोली आपल्याला कळली हेही खरं.

खरी दुखरी जागा वेगळीच आहे, आणि ती गदारोळात बुडून जाते. ‘जमात’ कोण? नॅग्प्रात हक्क आहेत ते केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या जमातींना. म्हणजे क्रोबरांच्या एका वाक्याने कागदावरून पुसले गेलेले मुवेक्मा ओहलोनी, ज्यांच्या रक्तात १,९०० वर्षांचं सातत्य दिसलं, त्यांना त्यांच्याच पूर्वजांसाठी या केंद्रीय कायद्याखाली थेट दावा करता येत नाही. नव्या नियमांतही नाही. विज्ञानाच्या नावाने ओरडणाऱ्यांना हे दिसत नाही, आणि संमतीचा जयजयकार करणारे यावर बोलत नाहीत. भारतापुरतं पाहिलं तरी प्रश्न तितकाच गुंतलेला आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ऑक्सफर्डशायरमध्ये एक शिंगं लावलेली नागा कवटी लिलावाला निघाली आणि नागालँडमधून आरडाओरडा झाल्यावर मागे घेतली गेली. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात नागांचे आणखी कितीतरी अवशेष आहेत. तिथे २०२० साली मानवी अवशेष मांडणीतून काढले. ते परत आले तर कोणत्या गावाचे, कोणत्या भाषेत, कोण सही करणार? ज्या गावातून कवटी उचलली त्याच्या शेजारच्या गावाची भाषा वेगळी असू शकते, आणि ती कवटी तिसऱ्याच गावच्या शत्रूची असू शकते. दिल्लीतून निघालेला एक सरकारी कागद याला पुरणार नाही.

अमेरिकेतल्या संस्थांना जुन्या याद्या दुरुस्त करून संपवायला २०२९ च्या जानेवारीपर्यंत मुदत आहे. तोवर खोकी उघडली जातील, डावी-उजवी हाडं मोजली जातील, पत्रं जातील. काहींना उत्तर होकाराचं येईल, काहींना नकाराचं, काहींना फक्त वेळ मागणारं.

इशीच्या नळकांड्या अजून बर्कलीच्या संग्रहात आहेत. ‘वुड डक’ नावाच्या बदकाची लांबलचक गोष्ट तो न कंटाळता सांगत राहतो, मध्येच सुई खरखरते. त्याने हे सगळं दिलं. लोक पुन्हापुन्हा विचारत राहिले तरी एक गोष्ट मात्र त्याने शेवटपर्यंत सांगितली नाही: आपलं खरं नाव. साडेपाच तासांत ते कुठेही नाही.